खिशातले हात

ताईस्तो हुक्कानेनने याम्सा गावच्या कागद गिरणीत अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. त्याने हात लावलेलं काम दुसऱ्याला तपासावं लागत नसे. म्हणून एन्ड्युरोच्या, म्हणजे रानवाटांवरच्या मोटरसायकल शर्यतीत दोरीबाहेर उभं राहणं त्याला जड जाई. गाडीला फक्त चालवणाऱ्यानेच हात लावायचा. दुसऱ्याने पाना फिरवला तरी स्पर्धक बाद. बोलायला मुभा होती, पण सांगायचं ते घरी सांगून झालं, असं म्हणून ताईस्तो हात खिशात घालून गप्प उभा राही.

दोन दिवसांच्या त्या शर्यतीत पहिल्या दिवसाअखेर त्याची मुलगी सिर्के तिसरी होती. चिखलाने मागचे ब्रेक पॅड पार खाल्ले होते. गाडी रात्रभरासाठी कुलूपबंद आवारात लावण्याआधी कामाला पंधरा मिनिटं. उशीर झाला की दंड, आणि तिसरा नंबर गेलाच.

सिर्केने पिन उपसून पॅड काढले. पॅड दाबणारा ब्रेकचा पिस्टन चिखलाने माखला होता. नव्या जाड पॅडना जागा व्हावी म्हणून बाकीचे स्पर्धक तो तसाच आत रेटत होते. तिने दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि पिस्टन चहूबाजूंनी घासू लागली.

गिरणीतला जुना सोबती यालो शेजारीच होता. त्याच्या मुलाचं काम सहा मिनिटांत उरकलं होतं. "ताईस्तो, लेक शर्यतीला आलीय की भांडी घासायला?"

"घासू दे. चिखल आत गेला तर उद्या ब्रेक चिकटेल."

घासण्यात चार मिनिटं गेली. पिस्टन आत गेला, नवे पॅड बसले, पिन घट्ट झाली. दोन मिनिटं उरली. सिर्के हत्यारं गोळा करू लागली, आणि ताईस्तोचे हात खिशातून बाहेर आले. पिस्टन मागे रेटल्यावर ब्रेकचं पेडल पोकळ होतं, दाबलं तरी ब्रेक लागत नाही. ते दाबून दाबून भरावं लागतं. एकदा तो स्वतः हे विसरला होता आणि पहिल्याच वळणावर त्याने गळपट्टीचं हाड मोडून घेतलं होतं. गावात त्याने एल्क हरीण आडवं आल्याचं सांगितलं.

तो तोंड उघडणार, तोच सिर्केने पेडलवर पाय ठेवला. दाबत राहिली, पेडल दगडासारखं होईपर्यंत. मग चाक हाताने फिरवून पाहिलं आणि गाडी आत ढकलली. चाळीस सेकंद शिल्लक होते.

बाहेर येऊन तिने विचारलं, "काही चुकलं का, बाबा?"

गिरणीत ताईस्तोने कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नाही.

"मी याहून लवकर केलं असतं. याहून चांगलं नाही."

सिर्केने हातमोजे काढले आणि यालोला ऐकू जाईल असं ते वाक्य त्याला पुन्हा म्हणायला लावलं. ताईस्तोने म्हटलं.