सरोजामावशीचा अठरावा प्रश्न

कचऱ्याची पिशवी उचलण्याआधी सरोजामावशी ती जागच्या जागी हलकेच हलवायची आणि मान तिरकी करून ऐकायची. आत कुठे चुकून सुई पडली असेल तर ती बारीक करकरते म्हणे. मी दोनदा कान लावून पाहिला, मला काही ऐकू आलं नाही. पण मी पडलो ट्रेनिंग ऑफिसर. ऐकणं हे माझं काम नव्हतं.

मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या अंगाला आमचं एकशेदहा खाटांचं हॉस्पिटल. मावशी तिथे बावीस वर्षं ठेकेदाराकडून सफाईच्या कामावर होती. राहणारी जवळच्याच मुर्धा गावची. नवी बाई कामाला आली की पहिल्याच दिवशी तिचं मनगट धरून वॉर्डच्या मागच्या खोलीत न्यायची आणि चार रंगांच्या बादल्यांपुढे उभी करायची. "आदी आइक, मंग उचल. पिशवी पायाला लावून न्यायची न्हाय. पिशवी हास्पिटलची हाय, पाय आपला हाय." एवढंच. तीन मिनिटांचं ट्रेनिंग, सर्टिफिकेट नाही.

सर्टिफिकेटवालं ट्रेनिंग आमचं. वरच्या मजल्यावरचा हॉल, दोन तास, पडद्यावर इंग्रजी, शेवटी समोसा. नाइट ड्युटी करून आलेल्या सिस्टर खुर्चीत मान टाकून झोपायच्या आणि समोशाच्या वासाने जाग्या व्हायच्या. हजेरीच्या कागदावर सह्या मात्र चोख. हात धुणं, आग लागली तर काय, कचरा कसा वेगळा करायचा, सुई टोचली तर कुणाला सांगायचं, हे सगळं दर वर्षी सगळ्यांना शिकवावंच लागतं. शिकवल्याचा कागद नसला तर तपासणीवाले हॉस्पिटलचं मानांकन काढून घेतात.

मी शिकलो परतूरला. आमच्या शाळेत दहावीची परीक्षा म्हणजे अख्ख्या गावाचा कार्यक्रम. पेपर दारातून आत जायचा, उत्तरं खिडकीतून यायची. त्यामुळे विचारणाऱ्याला काही जाणून घ्यायचं असतं म्हणून प्रश्न विचारला जातो, असा गैरसमज मला लहानपणापासून कधी झाला नाही. या नोकरीला एवढी पात्रता पुष्कळ होती.

आमच्या क्वालिटी विभागाच्या प्रमुख सुचेता मॅडम. त्या एकदा म्हणाल्या, "अभिनव, दोन तास माणसं वर बसवून ठेवतो आपण, खाली वॉर्ड ओस पडतो. काहीतरी सुटसुटीत कर."

केलं. मोबाइलवर ॲप आणलं. दोन तासांच्या भाषणाचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे केले. ज्याला येतंय त्याने व्हिडिओ बघायचाच नाही, थेट वीस प्रश्न सोडवायचे. सोळा बरोबर आले की वर्षभर सुटका. एक प्रश्न मात्र सक्तीचा, अठरावा, सुई टोचल्याचं कळवलं का याचा. तो चुकला तर बाकी सगळे बरोबर असूनही नापास. तीन संधी. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सगळे प्रश्न आणि पर्याय मी माझ्याच आवाजात, साध्या मराठीत रेकॉर्ड केले. त्या रेकॉर्डिंगचा मला फार अभिमान होता.

पूर्वी जे काम चार महिने चालायचं ते अकरा दिवसांत आटोपत आलं. खरं श्रेय रिसेप्शनवरच्या पिंकीचं. दुपारच्या सुट्टीत ती पँट्रीत बसायची आणि समोर फोनांची रांग लागायची. "लाओ इधर, दो मिनिट का काम है." एका हातात भेळ, दुसऱ्या हाताचा अंगठा बरोबर उत्तरांवर. एका दुपारी तिने साठ जणांना पास केलं. मी दारातून जाताना सहा फोनांतून माझाच आवाज एकदम विचारत होता, सुई टोचली तर काय कराल? मला सगळं माहीत होतं. मी जागेवर जाऊन आलेख बघितला. छान चढत होता.

त्याच महिन्यात सफाईचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने कळवलं, ज्यांचं ट्रेनिंग पूर्ण आहे तेवढेच लोक एक तारखेपासून घेऊ. मावशी छप्पन्न वर्षांची. त्या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? मुर्ध्याच्या ज्या मिठागरांवर तिने लग्नाआधी काम केलं तिथे आता टॉवर उभे राहतायत. नवऱ्याला दमा, त्याचं औषधपाणी मावशीच्या नोकरीच्या कार्डावर. ते एक कार्ड गेलं की सगळं गेलं.

पिंकीने तिलाही हाक मारली होती. मावशी गेली नाही. घरी ओट्यावर बसून एकटीने सोडवलं. वीसपैकी सात.

मी तिला केबिनमध्ये बोलावलं. "मावशी, पिवळी पिशवी किती भरायची?"

"पाऊन. मंग गाठ मारायची."

"मग इथे दाबून दाबून भरते असं का दिलंय?"

"तू इचारलंस ना, मी काय करते. दुसरी पिशवी मागितली का सिस्टर वरडते. मंग दाबून भरते."

"आणि ग्लोव्हज फाटले तर लगेच बदलते, हे का नाही दाबलं?"

"बदलाया असलं पायजेत ना."

एकेक करत तेरा चुका आम्ही तपासल्या. तेराच्या तेरा खऱ्या होत्या. मी डोक्याला हात लावला.

"मावशी, पिंकीकडे का नाही गेलात तुम्ही?"

"तुजा आवाज हाय त्यात," ती म्हणाली. "बावीस वर्सांत मना कोनी इचारलं न्हाय. तू येवढं नीट इचारतोस, मंग मी खोटं कसं सांगू?"

आयुष्यात एकही परीक्षा न दिलेल्या माणसाला परीक्षा समजावून सांगणं फार अवघड असतं. मी म्हणालो, "इथे खरं सांगायचं नसतं मावशी. बरोबर सांगायचं असतं."

"दोन येगलं असतं?"

"परीक्षेत असतं."

"तू शिकलेला हायस," ती म्हणाली आणि फोन पुढे ओढला.

दुसरी संधी. प्रश्न ऐकायचा, माझ्याकडे बघायचं, मी पापणी हलवली की दाबायचं. परतूरची खिडकी आता माझ्या केबिनमध्ये उघडली होती. सतराच्या सतरा बरोबर आले. मग अठरावा. फोनमधला मी विचारत होतो, गेल्या वर्षभरात तुम्हाला किंवा तुमच्यासमोर कुणाला सुई टोचली का? टोचली असेल तर ती वरिष्ठांना कळवली गेली का?

मी पहिल्या पर्यायावर पापणी हलवली. कळवली गेली. मावशीने तिसरा दाबला. टोचली, पण कळवली नाही.

"मावशी, अहो..."

"सुलूच्या बाबतीत खोटं न्हाय," ती म्हणाली.

सुलू तिच्याच पाळीतली. लाल पिशवी नेताना आतली सुई तिच्या मांडीला टोचली होती. सिस्टर म्हणाली, धू आणि सोड, वहीत लिहिलं तर चौकशी लागेल. पाच महिन्यांनी सुलूला कावीळ झाली, ती गावाला गेली आणि परत आली नाही. सुईमुळेच झाली असं कुणी सिद्ध केलं नाही. सिद्ध करायला सुई टोचल्याची नोंद लागते.

उरलेले दोन बरोबर. वीसपैकी एकोणीस, नापास.

"एक संधी आहे," मी म्हणालो. "फोन द्या, मी दाबतो. तुम्ही नुसतं बसा."

नवऱ्याच्या औषधाचं कार्ड मावशीच्या पर्समध्ये होतं, पर्स मांडीवर, आणि दोन्ही हात पर्सवर. मग तिने फोन माझ्याकडे सरकवला. "दाब. पन तुजा आवाज बंद कर आदी."

मी आवाज बंद करतोय तोवर टेबलावरचा फोन वाजला. सुचेता मॅडम. अठरावा प्रश्न दुसऱ्यांदा चुकला की त्यांना आपोआप निरोप जाईल, ही सोय मीच केली होती. माझ्या प्रेझेंटेशनमध्ये तिला वेगळी स्लाइड होती. मावशीला बसायला सांगून मी मॅडमकडे गेलो.

"ही सुई टोचलेली कोण?"

"सुलू म्हणून होती, मॅडम. सोडून गेली."

"वहीत नोंद आहे?"

"नाही."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. बाई वाईट नाहीत. "गुरुवारी तपासणीवाले येतायत. हे उत्तर रेकॉर्डला राहिलं तर ते दहा कागद मागतील. माझ्याकडे एक पण नाहीये."

"तिसऱ्या वेळी पास झाली तर?"

"आधीची दोन उत्तरं पुसली जातात का?"

"नाही."

"आणि माणूसच काढला यादीतून तर?"

"त्याच्याबरोबर सगळं जातं."

"बघ मग," त्या म्हणाल्या आणि चष्मा परत लावला.

आमच्या ऑफिसात कुणी कुणाला हुकूम देत नाही. बघ म्हणतात. मी तिथेच, त्यांच्या कॉम्प्युटरवर बघितलं. नाव निवडलं. मशीनने विचारलं, ही व्यक्ती कायमची काढायची का? पर्याय दोनच होते आणि मी कायम बरोबर उत्तर देत आलोय. तीनशे चाळीसाचे तीनशे एकोणचाळीस झाले. नव्याण्णव पूर्णांक सातचे शंभर टक्के.

केबिनमध्ये मावशी तशीच बसली होती. मी म्हणालो, "तिसरी संधी नाही मिळाली."

"मंग मी नापास?"

"नापास पण नाही, मावशी. तुमचं नावच नाहीये आता."

तिने समजल्यासारखी मान हलवली. मग विचारलं, "बावीस वर्सं काम केलं असा कागद तरी देशील?"

तोही देता येईना. ठेकेदाराची माणसं आमच्या कागदावर नसतात, आणि जिथे मावशीचं नाव होतं तिथून मीच ते पाच मिनिटांपूर्वी काढलं होतं. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं, पट्टी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं.

गुरुवारी तपासणी झाली. तपासणीवाल्यांनी पॅसेजमध्ये एका नव्या पोरीला थांबवून सुईबद्दल विचारलं. तिने अख्खं उत्तर म्हणून दाखवलं. रेकॉर्डिंग करताना मी जिथे श्वास घेतला होता, तिथे तिनेही घेतला. साहेब खूश झाले. वहीत 'प्रशंसनीय' असं लिहिलं. मग पोरीने बाजूची लाल पिशवी उचलली आणि मांडीला घासत घासत लिफ्टकडे नेली. मी लिफ्टचं दार बंद होईपर्यंत तिच्या मांडीकडे बघत राहिलो. कुणी पाहिलं असतं तर भलताच अर्थ काढला असता.

दीड महिन्यानंतर भाड्याची खोली बघायला मुर्ध्याला गेलो. रस्त्याच्या कडेला सुकटीची टोपली घेऊन मावशी बसली होती. चुकवून जावं असं वाटलं, पण तिनेच हाक मारली. "मास्तर, बरा हायस ना?"

"बरा आहे. काका कसे आहेत?"

"धाप लागते." टोपलीवरची माशी तिने हाताने उडवली. "माजं ते उत्तर वर गेलं का? सुलूचं?"

"गेलं."

"कोनी वाचलं?"

"वाचलं, मावशी."

"मंग?"

"कारवाई चालू आहे," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. नको नको म्हणत असताना तिने माझ्यासाठी सुकट भरली, पिशवीला गाठ मारली. देण्याआधी ती पिशवी सवयीने हलकेच हलवली आणि मान तिरकी केली. आत काही नव्हतं. सुकटच होती.