कढीपत्त्यावरचं फुलपाखरू

आईचं परतीचं तिकीट आठवड्यावर आलं होतं आणि मला ते पुढे ढकलायचं होतं. खरं सांगायचं तर कायमचंच. बाबा गेल्यापासून ती नाशिकला एकटी राहते. चार महिने ती अमेरिकेत, पार्सिपनीला माझ्याकडे होती, आणि मी मनातल्या मनात तिची खोलीही सजवून मोकळी झाले होते. लाडीगोडी लावायला म्हणून त्या रविवारी तिला फुलपाखरांचं काचघर दाखवायला नेलं. निघता निघता तिने माझ्या कुंडीतला कढीपत्ता खुडून पोह्यांना फोडणी दिली होती. हाताला वास तसाच होता.

आत भलताच उकाडा. काळं, पिवळ्या पट्ट्यांचं, तळहाताएवढं एक फुलपाखरू आईभोवती घिरट्या घालू लागलं.

"अगं, हे तर आपलं कढीपत्त्यावरचं! पण केवढं झालंय! शेपट्याही फुटल्यात."

"आफ्रिकेतलं आहे ते, आई," मी पाटी वाचून म्हटलं.

"असेना. इथे आलं की सगळेच फुगतात," माझ्याकडे बघत ती म्हणाली.

तेवढ्यात ते तिच्या बोटांवर येऊन बसलं. "आजी, डोन्ट मूव्ह!" माझी लेक ओरडली. ते पुढच्या पायांनी बोटं चाचपत होतं, पोट खाली वाकवत होतं. नाशिकच्या अंगणातल्या कढीपत्त्याची एक फांदी आई अशा फुलपाखरांच्या अळ्यांसाठी राखून ठेवते. त्या फांदीचं पान तिने आम्हाला कधीच तोडू दिलं नाही.

"अंडी घालायला जागा शोधतेय बिचारी. हिचं झाड कुठाय, विचार बरं त्यांना."

तिथल्या स्वयंसेवक बाई म्हणाल्या, फुलं भरपूर आहेत, फळांच्या फोडीही ठेवतो. पण अंडी घालतील असं झाड ठेवायची परवानगी नाही. कोष बाहेरून मागवतात. मी आईला सगळं मराठीत सांगितलं. तिने हात हलवला नाही.

मला कुठे धीर! तिथेच विचारलं, "आई, राहशील का गं इथेच?"

तिने बोटांवरची नजर काढली नाही. "तू काही कमी केलं नाहीस हो," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. तिचं तिकीट मी ठरल्या तारखेचंच राहू दिलं. आता फोनवर 'कधी येतेस' एवढंच विचारते. 'राहतेस का' विचारायची छाती होत नाही.