डब्यात बोलणारी पोर

नोकरीतल्या पुष्कळ केसेस विसरलो. ही एक डोक्यातून जात नाही. हल्ली दुपारी खुर्चीत डोळा लागला की तीच समोर येते. साड्यांच्या ढिगात एक पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्यात बसलेली पोर.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन बाहेर पडलो. लिहायचा हात स्टेशन डायरीपुरताच. नावं कुणाचीच देत नाही.

दादरच्या हिंदमाता बाजारातल्या एका साडीवाल्याचा ठाण्यात फोन आला. "साहेब, आमच्या माळ्यावर पोरगी बसलीय. खोक्यात. वरचा पुठ्ठा ओढून घेतलाय, बाहेर येत नाय."

महिला शिपायाला घेऊन गेलो. माळ्याला एकच खिडकी. तिच्यातून ऊन येऊन साड्यांवर पसरलेलं. लाल, मोरपंखी, पिवळं. पाण्याखाली उतरल्यासारखं वाटलं. मी पुठ्ठा उचलला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, हात वर केला आणि पुठ्ठा परत लावून घेतला. कुणी खिडकी लावून घ्यावी तसं, शांतपणे.

वय चार वाटलं. पुढे कळलं, सहा पूर्ण होती. वाढलीच नव्हती.

नोंद केली, बालकल्याण समितीला कळवलं. वैद्यकीय तपासणीत अंगावर ओरखडा नाही, कान ठीक. पण तोंडातून शब्द नाही. समुपदेशक बाई यायच्या होत्या, तोवर ती माझ्या टेबलापाशी बसली. मी जेवून डबा धुऊन ठेवला होता. तिनं तो ओढला, झाकण काढलं, तोंड आत घातलं. ओठ हलले. मग घाईनं झाकण दाबून बसवलं.

"साहेब, तुमच्या डब्यात जेवण शोधतेय. काही ठेवत जा की," शिपाई म्हणाला. सगळे हसले. मीही.

संध्याकाळी बाप आला. डिलाईल रोडला खोली, कागद चोख, बोलणं गोड. "गर्दीत हात सुटला साहेब. जन्मापासून मुकी आहे. डोक्यानंही जरा कमी. बायको गावाला गेलीय, तिची आई आजारी आहे. मी एकटाच बघतो."

त्याला बघून पोर रडली नाही, पळाली नाही. उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली, आणि ती हसली. रडणारं पोर मला कळतं. हे हसू कळेना.

समुपदेशक बाईंनी मला बाजूला घेतलं. "हिला मुकी म्हणू नका इतक्यात. अगदी लहानपणी घरात धाक बसला ना, की पोराचं सगळं डोकं पहाऱ्यावर उभं राहतं. बोलायला, खेळायला, वाढायला मागे काही उरत नाही."

पहारा म्हटल्यावर मला कळलं. शिपाई सतत पहाऱ्यावर ठेवला तर त्याच्याकडून दुसरं काम होत नाही. पण हे कागदावर कसं आणायचं? रात्रीपुरती पोर बालगृहात, आणि दुसऱ्या दिवशी समितीपुढे बापाचे कागद जाणार होते. काही आड आलं नाही तर पोर त्याच्या हातात जाणार होती.

घरी जेवताना बायकोला डब्याची गंमत सांगितली. ती मालवणची. वाढता वाढता थांबली. "मगे मुकी खंयची ती? बोलता मा. तुमका नाय, डब्याक सांगता."

सकाळी तिनं एक लहान डबा हातात दिला, शिरा भरून. "ह्यो तिचो. परत मागू नकात."

बालगृहात पोरीनं शिरा संपवला. समुपदेशक बाई आणि साध्या कपड्यातली महिला शिपाई शेजारी होत्या. पोर डब्यात काहीतरी बोलली, झाकण लावलं. आणि डबा माझ्याकडे सरकवला.

मी झाकण उघडून डबा कानाला लावला. नुसती तुपाचा वास येणारी पोकळी. म्हटलं, "बाळा, माझा कान म्हातारा झालाय. परत घाल."

तिनं परत तोंड आत घातलं. घुमलेला, दोन वर्षांच्या पोराचा असावा तसा आवाज आला. "आई जिन्यात पल्ली. बाबानी धक्का. गप."

बाईंनी तिथेच टिपून घेतलं, समितीला फोन केला. ताबा थांबला. मी बापाला चौकशीला आत घेतलं.

माझा एक अनुभव आहे. खरं बोलणारा अडखळतो, आठवतो, चुकतो. पाठ केलेला माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. हा तसाच. बायको कशी गेली? एसटीनं. सोबत कोण? कोणी नाही. चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं, पुन्हा तेच विचारलं. आता ती भावाच्या गाडीनं गेली होती.

मी तो लहान डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडं. "तुझी पोरगी ह्यात बोलते. काय बोलते, सांगू?"

त्यानं हात पुढे केला आणि झाकण दाबून लावलं. बोटं पांढरी होईपर्यंत दाबून धरलं. थोड्या वेळानं तो आपणहून बोलायला लागला.

त्यानं परळच्या हॉस्पिटलात खोट्या नावानं टाकलेली बायको जिवंत सापडली. डोक्याला मार, पाय मोडलेला. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "घरात आवाज झाला की मार पडायचा मला. पोरीला सांगितलं, जे बोलायचं ते पिठाच्या डब्यात बोल, नि झाकण लाव." पोरीच्या अंगावर कधी हात पडला नव्हता. तिनं फक्त बघितलं होतं. तेवढ्यानंच ती खुंटली.

केस माझ्यापुरती संपली. माझ्या बायकोची सुरू झाली. दर रविवारी मायलेकींकडे जायची. पोर खुंटली ती एका दिवसात नाही, उमलायलाही वर्षं गेली. जिन्यात पावलं वाजली की अजून गप्प होते. वाचायला उशिरा शिकली. आधी डब्याचं झाकण घट्ट असायचं, मग नुसतं वर ठेवलेलं. मग एक दिवस बायकोनं सांगितलं, झाकण हरवलं. पोर बरेच रविवार शोधत राहिली, आणि शोधता शोधता बोलायला लागली.

मला ह्या केसनं एवढंच शिकवलं. अंगावर वळ नाही म्हणून पोर सुखरूप आहे असं पंचनाम्यात लिहू नये. आणि गप्प माणसाला बोल म्हणून दटावू नये.

यंदा बायको गेली. मी घरात कुणाशी बोलेनासा झालो. परवा मसाल्याच्या बरणीमागे हात घातला तर ते झाकण लागलं. चिंधीत गुंडाळून ठेवलेलं.

त्याच दुपारी ती पोर आली. पोर कसली, आता कॉलेजात जाते. माझ्यासमोर तो लहान डबा ठेवला. "आजोबा, माझा कान चांगला आहे. बोला."

झाकण माझ्या खिशात होतं. ते तिथेच राहू दिलं. आयुष्यभर बायकोला 'अगं' म्हणूनच हाक मारली होती. डबा जवळ ओढला आणि पहिल्यांदा तिचं नाव घेतलं.