बायकांची अकराची बॅच

आमच्या सोसायटीसमोरचं फिटनेस सेंटर पालिकेने ताब्यात घ्यावं, ही मागणी मीच लिहून दिली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं श्रेय घ्यायला दुसरं कोणी तयार नाही.

सेंटर एका बिल्डरचं होतं. कामोठ्यात सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलेला भूखंड त्याने करारावर घेतला, त्यावर जिम, बॅडमिंटनची दोन कोर्टं आणि पोहण्याचा तलाव बांधला, आणि मागची हिरवळ लग्नाच्या स्वागत समारंभांना द्यायला सुरुवात केली. सार्वजनिक म्हणावं असं तिथे एकच होतं, ते म्हणजे डीजे. तो सगळ्या सेक्टरला सारखाच ऐकू यायचा.

करार संपत आला तेव्हा रहिवासी समितीला जाग आली. समितीत दोन निवृत्त बँक अधिकारी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि निवृत्त होण्याची वाट पाहणारे तिघे. त्यांनी चार पानी निवेदन तयार केलं. त्यात ‘तीव्र निषेध’ प्रत्येक परिच्छेदात होता आणि मागणी नेमकी काय, ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांची वाक्यं छाटण्यात गेलेलं. ते निवेदन माझ्याकडे आलं आणि मी ते अर्ध्या पानावर आणलं. त्यातलं एक वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं: ‘हे केंद्र कोणत्याही विशिष्ट गटासाठी राखीव न ठेवता सर्व नागरिकांना सर्व वेळी समान रीतीने खुले असावे.’

समितीच्या सचिवांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. “ह्याला म्हणतात भाषा,” ते म्हणाले.

त्या वेळी बायको समोरच्याच तलावात होती.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं. पाण्यात वजन जाणवत नाही, पाय न घाबरता पुढे पडतो, हे त्यांचं म्हणणं. सेंटरमध्ये सकाळी अकराला बायकांची बॅच होती. बिल्डरने ती स्त्रीदाक्षिण्य म्हणून सुरू केलेली नव्हती. अकराला दुसरं कोणी येत नव्हतं, एवढंच. पण त्या तासाला एकही पुरुष आत जात नसे. गेटवरचा वॉचमनसुद्धा खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवायचा. आठ-दहा जणी यायच्या. लेगिंग्ज, नवऱ्याचे जुने टी-शर्ट, डोक्यावर रबरी टोपी. पुरुष असते तर त्यातली एकही पाण्यात उतरली नसती, आणि माझी बायको तर पायरीपर्यंतही गेली नसती.

शिकवणारी जुन्या गावातली. तिच्या वडिलांचं मिठागर होतं. जमीन शहरासाठी गेली, तेव्हा ती शाळेत होती. पोहायला ती खाडीत शिकली, नंतर कोर्स करून सर्टिफिकेट घेतलं. तलावाच्या उथळ बाजूला तिने एक प्लास्टिकची खुर्ची पाण्यात ठेवली होती, पायांना दगड बांधून. दमलेल्या बाईने त्यावर बसायचं.

“काकू, पावलं मोजू नका,” ती बायकोला सांगायची. “मोजली का पाय घाबरतं. गप्पा मारीत चाला.”

दोन महिन्यांत काठी माळ्यावर गेली. बायको भाजीला एकटी जाऊ लागली. येताना कोथिंबिरीची जुडी अशी हलवत यायची, जणू हातात आता काठी नाही हे तिला रस्त्याला दाखवायचं आहे.

मागणी मान्य झाली. पालिकेने सेंटर ताब्यात घेतलं. समितीने पेढे वाटले. मुख्याध्यापकांनी मला दोन दिले.

ताब्याच्या दिवशी एक अधिकारी, एक कारकून आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेतलेला एक पेंटर असे तिघे आले. प्रत्येक वस्तूवर क्रमांक टाकायचा होता. ट्रेडमिलवर टाकला, आरशांवर टाकला, डंबेल्सच्या प्रत्येक जोडीतल्या दोन्हींवर वेगवेगळा टाकला. मग ते तलावाशी आले.

“ही खुर्ची पाण्यात कशाला?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“बसायला,” शिकवणारी म्हणाली.

“बाहेर काढा. ओल्यावर रंग बसत नाही.”

खुर्ची बाहेर आली. पुसली, वाळवली, क्रमांक पडला. दगड मोजावेत की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि ते ‘इतर’ या सदरात गेले. खुर्ची नंतर ऑफिसात नेऊन ठेवली, कारण क्रमांक पडलेली वस्तू पुन्हा पाण्यात घालणं म्हणजे मालमत्तेचं नुकसान.

दुसऱ्या दिवशी बायको टॉवेल घेऊन गेली आणि पाच मिनिटांत परत आली. गेटवर पाटी होती: ‘लोकार्पणासाठी बंद.’

मी चौकशीला गेलो. अधिकारी तिथेच होते. माणूस तरुण, सभ्य, आणि स्वतःच्या नोकरीला घाबरून राहणारा.

“बंद का?”

“लोकार्पण व्हायचंय काका.”

“पण कालपर्यंत चालू होतं की!”

“ते खासगी चालू होतं,” ते म्हणाले. “आता सरकारी बंद आहे.”

चालू असलेल्या गोष्टीचं उद्घाटन करता येत नाही, हे मला माझ्या नोकरीत कधी कोणी सांगितलं नव्हतं. आधी ती बंद करावी लागते. मग ती उघडायला मोठा माणूस लागतो. मोठ्या माणसाची तारीख लागते. तारीख मिळाली, तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आचारसंहितेत उद्घाटन चालत नाही आणि उद्घाटनाशिवाय कुलूप निघत नाही. अधिकाऱ्यांनी हे मला इतक्या शांतपणे समजावलं, की निघताना मीच त्यांचे आभार मानले.

तलावाचं पाणी हिरवं झालं. आमच्या गॅलरीतून दिसायचं. बायको काही दिवस घरातल्या घरात चालली, बेडरूमपासून गॅलरीपर्यंत. मग गॅलरीपर्यंत जाणं कमी झालं, बहुधा तिथून तलाव दिसत असल्यामुळे. एका दुपारी तिने मला स्टूल मांडायला सांगितलं. मी माळ्यावरून काठी काढून दिली. ती तिने कपड्याने पुसून घेतली. भाजी मी आणू लागलो आणि कोथिंबीर शिळी आणू लागलो.

आचारसंहिता उठली तेव्हा मी दुसरा अर्ज लिहिला. लोकार्पण व्हायचं तेव्हा होवो, बायकांची अकराची बॅच तेवढी सुरू करावी, त्यात गुडघ्याच्या रुग्ण आहेत, एवढंच मागितलं. आवक विभागाचा शिक्का घेतला. उत्तरही आलं, हे मान्य केलं पाहिजे.

उत्तरात लिहिलं होतं, की आपल्याच समितीच्या यापूर्वीच्या निवेदनानुसार हे केंद्र कोणत्याही विशिष्ट गटासाठी राखीव न ठेवता सर्व नागरिकांना सर्व वेळी समान रीतीने खुले ठेवण्याचे धोरण निश्चित झाले असून, सबब केवळ महिलांसाठी वेगळी वेळ देता येणार नाही.

शेवटचं क्रियापद सोडलं, तर माझ्या वाक्यातलं त्यांनी एक अक्षरही बदललेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा मान मला एकाही संपादकाने दिला नाही.

त्याच संध्याकाळी शिकवणारी घरी आली होती. तिला कामावरून काढलेलं नव्हतं. लोकार्पण झाल्यावर बघू, म्हणून थांबवून ठेवलं होतं. ती मधून मधून यायची आणि बायकोला दाराची चौकट धरून पाय हलवायला लावायची. बायकोने ते पत्र तिच्या हातात दिलं. तिने सावकाश वाचलं.

“काका, ही तुमचीच भाषा हाय ना?”

मी हो म्हणालो.

“चांगली हाय,” ती म्हणाली. “एक पन भोक ठेवलं नाय तुमी.”

बायको त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाली, “तुम्ही आता काही लिहू नका.”

पुढे लोकार्पणाची तारीख खरोखरच ठरली. हिरवळीवर मांडव पडला. टँकर आले, तलाव घासून पुन्हा भरला. दोन कोनशिला बसल्या, एक जिमच्या दाराशी आणि एक तलावाशी, दोन्हींवर पडदे. कार्यक्रमपत्रिकेत कोणीतरी छापून टाकलं होतं: ‘महिलांचे जल-व्यायाम प्रात्यक्षिक.’ पाहुण्यांना तलाव नुसता दाखवायचा तर त्यात माणसं हवीत. अधिकाऱ्यांनी शिकवणारीला फोन केला. तेव्हा ती आमच्याच घरी होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

“मॅडम, तुमच्या त्या बायका आणाल ना? दहा जणी तरी.”

“आनीन की. पन साहेब, महिने झाले त्यांना पान्यात उतरून. दोघींच्या हातात काठी हाय. पाहुन्यासमोर कोन पडलं तं?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“फोटोवाले असतील ना?” तिने आणखी विचारलं.

“मग काय करायचं?”

“तालीम लागंल. रोज. अकराला. आनि तेवा पुरुषमानूस आत नको, बायका लाजतात, मग पाय घसरतं.”

“करा, करा तालीम.”

“तसं लिवून द्या साहेब. वॉचमन मला आत सोडत नाय.”

लिहून मिळालं. दुसऱ्या दिवशी तिने मला तो कागद दाखवला, माझी भाषा चांगली म्हणून. चारच ओळी होत्या. ‘लोकार्पण सोहळा पार पडेपर्यंत दररोज सकाळी ११ ते १२ या वेळेत तलावावर महिलांच्या प्रात्यक्षिकाची तालीम घेण्यात यावी. सदर वेळेत इतरांना प्रवेश देऊ नये.’ वर तारीख होती, पण सोहळ्याची तारीख आत कुठे नव्हती. डेस्कवर असतो तर मी ती घालायला लावली असती. मी कागद घडी करून परत दिला. “ठीक आहे,” म्हणालो.

चार दिवस तालीम झाली. ऑफिसातली खुर्ची पुन्हा पाण्यात आली, क्रमांकासकट, दगड बांधून. बायको पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी कठडा धरून होती. चौथ्या दिवशी एका हाताने.

सोहळ्याच्या दिवशी पाहुणे अकराला यायचे होते. एका दिवसाची लाज सोसायची असं ठरवून बायका पावणेअकराला पाण्यात उतरल्या. अकराला पाहुणे रोडपालीला दुसऱ्या एका उद्घाटनात होते. बाराला वाटेत होते. मांडवात सत्काराचे नारळ आणि शाली सत्कार होईल त्या क्रमाने लावून झाल्या होत्या, आणि निवेदक एकच प्रास्ताविक तिसऱ्यांदा करत होता. कोणी बाहेर यायला पाहिलं की शिकवणारी कडेवरून ओरडायची, “पाहुने येईस्तोवर कोनी बाहेर यायचं नाय! चाला!” त्या सव्वादोन तासांत माझी बायको जेवढं चालली, तेवढं ऑपरेशननंतर कधी चालली नव्हती.

एकला पाहुणे आले. जिमच्या दाराची फीत कापली, पडदा सरकवला, दीप लावला. बंद ट्रेडमिलवर उभे राहून फोटो काढला. दोन वाजता त्यांना जासईत पोचायचं होतं. मागून कोणीतरी “साहेब, तलाव…” म्हणालं. “तो पुढच्या खेपेला, निवांत,” पाहुणे म्हणाले आणि गाडीत बसले. तलावाच्या फितीला कात्री लागली नाही. पडदा तसाच राहिला.

पाण्यातून दहा बायका पाहत होत्या. शिकवणारीने सगळ्यांना आधी बाहेर काढलं, टॉवेल दिले, आणि मग अधिकाऱ्यांपाशी गेली. मी मांडवाच्या कडेला होतो.

“साहेब, म्हंजे तलावाचं लोकार्पन झालंच नाय?”

“नाही ना. आता पुन्हा तारीख घ्यावी लागणार.”

“मंग उद्या तालीम अकरालाच ना?”

अधिकाऱ्यांनी खिशातून आदेशाची प्रत काढली. वाचली. पुन्हा वाचली. मग तिच्याकडे पाहिलं. हा माणूस घाबरट असेल, पण मठ्ठ नव्हता.

“पार पडेपर्यंत लिहिलंय खरं,” ते म्हणाले. “अकरालाच.”

याला आता बरेच महिने झाले. जिम सर्व नागरिकांना खुली आहे. तलाव खुला नाही, कारण त्याचं लोकार्पण बाकी आहे. फक्त रोज सकाळी अकराला तिथे तालीम असते. तालमीला हल्ली चौदा जणी येतात. पाहुण्यांची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. ठरली की आमच्या घरात चहा कडू होतो, पुढे गेली की शिरा होतो. काठी माळ्यावर आहे. कोथिंबीर ताजी येते.

हे सगळं माझ्या त्या आवडत्या वाक्याच्या नेमकं उलट आहे, याची मला कल्पना आहे. तलाव एका विशिष्ट गटाच्या ताब्यात आहे, विशिष्ट वेळी, आणि बाकीच्या सर्व नागरिकांना समान रीतीने बंद आहे.

समितीलाही याची कल्पना आली आहे. गेल्या महिन्यात सचिव नवं निवेदन घेऊन आले. तलावाचं लोकार्पण विनाविलंब करून तो जनतेला खुला करावा, अशी मागणी. चार पानं, ‘तीव्र निषेध’ पूर्वीइतकाच. “जरा हात फिरवा,” ते म्हणाले. “मागचं तुमच्या भाषेमुळेच मंजूर झालं.”

निवेदन माझ्या टेबलाच्या खणात आहे. काल सचिव पुन्हा दाराशी आले होते.

“झालं का हो?”

“भाषा जरा जड आहे,” मी म्हणालो. “बघतोय.”

बायको अकराची पिशवी भरत होती. टॉवेल, टोपी, केसांचा चाप. तिने मान वर केली नाही.

“बघू द्या त्यांना सावकाश,” ती सचिवांना म्हणाली. “घाईत ते चांगलं लिहितात.”