पिंपाचं बॉनेट

मारतहळ्ळीच्या घराच्या बाल्कनीत, ट्रकच्या छोट्या मॉडेलसाठी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा तापवला. जळक्या रंगाचा वास आला आणि मी वीस वर्षं मागे, यशवंतपूरच्या भंगारवाड्यात पोचलो. तिथे एक जुना ट्रक तोडायला काढला होता. त्याच्या फुगीर बॉनेटवर हात ठेवून मी मित्रांना ठणकावून सांगितलं, "युद्धकाळातला आहे. असं बॉनेट देशात दुसरं नाही."

"सरी अण्णा, बरोबर बोललास," शेजारी बिडी ओढत बसलेले म्हातारे मिस्त्री म्हणाले, "डांबराच्या पिंपातून मीच ठोकलंय ते. दुसरं कुठून असणार?"

मित्र खिदळले. एवढ्या लांब मॉडेलसाठी मापं घ्यायला गेलेला मी, टेप खिशात कोंबून तसाच पळालो. आठवड्याभरात ट्रकचे तुकडे झाले.

आता वाटतं, तोंडघशी पडलो तरी बोललो ते खरंच होतं. तसं बॉनेट खरोखर एकच होतं. नुसत्या आठवणीवरून ते पुन्हा ठोकतोय. सहा बिघडली. सातव्याचा फुगवटा थोडा जमलाय.