आधी अक्का झोपून बघायची

पाहुणा यायच्या आधी अक्का त्याच्या खोलीत जाऊन स्वतः आडवी व्हायची. भर दुपारी, दार लावून, पाहुण्याच्याच खाटेवर, अर्धा तास. बाहेर आली की सांगायची, "उशीला वास यायलाय. ऊन सरळ डोळ्यावर यायलंय. पंखा कुरकुर करायलाय." ते सगळं नीट झाल्याशिवाय ती पाहुण्याला वर पाठवायची नाही.

आमचं गाव गाणगापूर. दत्ताच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात, चार-आठ दिवस राहतात. अक्का आमच्या समोर राहायची आणि मोबाईल नव्हते तेव्हापासून घरच्या दोन खोल्या भक्तांना द्यायची. तिला नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सगळी गल्ली अक्काच म्हणायची. कानडी, मराठी, दखनी, समोरचा बोलेल ती भाषा तिच्या तोंडात. आता ती इथे नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

मी चौथी शिकलेली, आणि परक्या माणसापुढे माझा आवाजच निघत नाही. उसाच्या ट्रॅक्टरवरून पडून ह्यांचा पाय मोडला, काम सुटलं, तेव्हा पुण्यात असलेल्या माझ्या मुलाने आमच्या माडीवरच्या खोलीचे फोटो भाड्याने द्यायला मोबाईलवर टाकले. फोन वाजला की मी तो ह्यांच्याकडे सरकवायची. कोण येईल, कसा असेल, घरात काय करेल. खोली चालली नाही तर घर चालणार नाही, हेही कळत होतं. तरी मी पाण्याचा तांब्या जिन्यावर ठेवून पळून यायची.

अक्का हसायची. "आगं, तू कामून भ्यायलीस? तू तुझ्या घरात हाईस. भ्यायचं त्यानं. त्याला दिव्याचं बटण कुठं हाय तेबी ठाऊक न्हाई."

तिने शिकवलं ते थोडकंच. आधी पाणी दे, मग आधार कार्ड माग. नाव-गाव त्यांच्याच हाताने वहीत लिहून घे. गरम पाणी कधी येतं, खालचं दार कधी लागतं, हे पहिल्या चहालाच सांगून टाक. उशिरा सांगितलं की माणसाला ते भांडण वाटतं. आणि कशासाठी आलात, हे कधीच विचारू नको. "देवाकडं आलेत. तुझ्याकडं न्हाई."

माझी खोली बघायला आली तेव्हाही ती आधी आडवी झाली. मग न्हाणीत गेली आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आली. न्हाणीच्या दाराला मी आतून जाड लोखंडी कडी बसवून घेतली होती, मुद्दाम तालुक्याहून, अफजलपूरहून आणलेली. पाहुण्या बायकांना धीर वाटावा म्हणून.

"ही काढ," अक्का म्हणाली. "आपल्याकडं कसली कसली माणसं आणतेत, ठाऊक हाय न्हवं?"

ठाऊक होतं. मन हरवलेल्या, बोलणं सोडलेल्या माणसांना घरचे इथे देवापुढे घेऊन येतात. अक्काच्या न्हाणीला कडीऐवजी दोरीचा फास होता. बाहेरून फटीत सुरी घातली की सुटायचा. मी हो म्हटलं. पण कडी काढायची म्हणजे सुताराला बोलवायचं, म्हणजे त्याच्याशी बोलायचं. आज बोलवू, उद्या बोलवू करत राहिले.

महिन्याभराने लातूरकडच्या एक बाई विशीतल्या मुलीला घेऊन आल्या. मुलगी बोलत नव्हती, भिंतीकडे बघत बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी आई झोळी घेऊन माधुकरी मागायला गेली. इथे भक्तांची तशी रीतच आहे. परत आली तर न्हाणी आतून बंद. नळ चालू. हाकेला उत्तर नाही. आई दारावर डोकं आपटून घेऊ लागली. ह्यांना जिना चढता येईना. ती कडी मीच लावली होती.

मी धावत अक्काला आणलं. सत्तरीची बाई, धापा टाकत वर आली. दाराला हातही लावला नाही. आईला म्हणाली, "बाई, तुम्ही खाली जाऊन चहा ठेवा." मग माझ्याकडे वळली. "बोल तिच्याशी."

"मी?"

"माझा आवाज दटावल्यावानी लागतोय. तू तिच्यावानीच भित्री हाईस. तू बोल."

मी दाराशी बसले. काही सुचेना. म्हटलं, "पाणी लई गार आलं का गं?" नुसता नळाचा आवाज. मग म्हटलं, मलाही भीती वाटते. फोनची वाटते, तुझ्या आईची वाटते. सुताराशी बोलायची वाटली म्हणून ही कडी राहून गेली. माझा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. किती वेळ बोलले कोण जाणे. एकदम नळ बंद झाला, आणि त्या शांततेने मी जास्तच भ्याले. मग कडी सरकली. मुलगी कपड्यांसकट चिंब उभी होती.

अक्काने फक्त टॉवेल पुढे केला. "केस पूस बाळ, सर्दी व्हईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली, कडी उतरवली आणि माझ्या हातात ठेवली.

गेल्या वर्षी अक्काची नजर अधू झाली. तिचा मुलगा तिला कायमचं सोलापूरला न्यायला आला. गाडी दारात उभी, सामान आत, आणि अक्का ओट्यावरून उठेना. मी तिचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "तिथल्या खाटेवर कोण झोपून बघितलंय गं?"

मी अफजलपूरच्या पुढे एकटी कधी गेले नव्हते. गाडीत तिच्या शेजारी बसले.

सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर घर. तिच्या सुनेला मी कधी पाहिलंही नव्हतं. तिला म्हटलं, "अक्काची खोली कुठली? जरा दार लावून घेते." अक्काला बाहेर खुर्चीवर बसवलं आणि आत जाऊन आडवी झाले. परक्या घराचा वास, खालून गाड्यांचे आवाज. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून उशी दुसऱ्या बाजूला घेतली. न्हाणीचं दार बाहेरून उघडतं का ते बघितलं. खाटेपासून तिथवर पावलं मोजली. मग दार उघडलं.

"न्हाणी सात पावलांवर हाय," मी म्हटलं. "पंखा कुरकुर करत न्हाई. ये, अक्का."