साडूचे जाळीचे हेडफोन

सासऱ्यांचे गुरुवार माझ्याकडे असत. थोरला जावई म्हणून मला मिळालेला तेवढाच खरा मान. बाकीचा मान म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला पाट आणि आहेरात टॉवेल-टोपी.

अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बडोद्यात उभा जन्म गाणं शिकवलं. तरुणपणी घरगुती बैठकांना ते टेपरेकॉर्डर घेऊन जात, त्यामुळे घरात कॅसेटींनी एक कपाट भरलं होतं. निवृत्तीनंतर दर गुरुवारी चार वाजता दोन कॅसेटी कापडी पिशवीत घालून ते सयाजीगंजातल्या आमच्या घरी येत, कारण चांगला टेप माझ्याकडे होता. ऐकता ऐकता ते गुणगुणत. गात नसत, गाणाऱ्याच्या खालून बारीक सूर धरून चालत. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, गाण्यातलं मला कळत नाही. पण अण्णांचं गुणगुणणं थबकलं की आता काहीतरी मोठं घडणार, एवढं मला कळू लागलं होतं. मग मी वेळेवर मान हलवायचो. अण्णा एकदा म्हणाले, "जावईबापूंना कान आहे." हे वाक्य मी ज्यांना सांगितलं नाही अशी माणसं शहरात कमीच असतील.

मग माझा टेप बिघडला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं की याचे पार्ट आता येत नाहीत. मी दुसरा दुरुस्तीवाला शोधत होतो, तोवर माझ्या धाकट्या साडूने अण्णांचं सगळं कपाट कॉम्प्युटरवर चढवलं. साडू एका कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. त्याच्याकडे चार वाजता हॉलमध्ये मेहुणीच्या मालिका सुरू होतात, म्हणून त्याने अण्णांसाठी हेडफोन आणले. आणि माझे गुरुवार मांजलपूरला गेले.

दोन-तीन आठवडे गुडघ्याचं निमित्त सांगून मी घरी बसलो. मग बघायला गेलोच. हेडफोनसाठी त्याने सुताराकडून सागवानी स्टँड करून घेतला होता आणि वर रेशमी रुमाल टाकला होता. पणजोबांना मिळालेली सनद पाहुण्यांना दाखवताना आमच्याकडची मंडळी जेवढा वेळ लावतात, तेवढा वेळ त्याने रुमाल उचलायला लावला.

"बेसो साडूभाऊ, बेसो," तो म्हणाला. "हे ओपन आहेत. बाहेरच्या अंगाला बघा, नुसती जाळी. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो."

"म्हणजे गळतात."

"गळत नाहीत हो, हवा खेळते."

"खिडक्या उघड्या टाकून एसी लावल्यासारखं," मी म्हणालो.

यावर कुणीच हसलं नाही. अण्णांनी हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि नेहमीसारखे गुणगुणू लागले. साडू त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला. जाळीतून झिरपणारं गाणं त्याला बारीक ऐकू येत असावं, कारण एका जागेवर त्याने आणि अण्णांनी एकदम "अहाहा" केलं. मला समोरच्या सोफ्यावर फक्त मालिकेतली सासू ऐकू आली. मी मेहुणीला विचारलं, "ही नेहमीच अशी रडते का?" तर अण्णा डोळे न उघडता म्हणाले, "जावईबापू, जरा हळू."

त्यांना मी ऐकू येत होतो. मला वाटलं, सापडला दोष. एवढे पैसे घालून आणलेल्या वस्तूत शेजारचं बोलणं ऐकू येत असेल, तर ही जाळी म्हणजे कंपनीने केलेली काटकसर.

स्टेशनजवळच्या दुकानात मी जाळीशिवायचे मागितले. दुकानदाराने जाडजूड काळे हेडफोन काढले. "साहेब, आ पहेरो एटले बहारनुं कंई नहीं संभळाय," तो म्हणाला. मी घालून बघितले, आणि रस्त्यावरच्या रिक्षा नाहीशा झाल्या. साडूच्या हेडफोनपेक्षा हे महाग होते, हे मी किंमत देण्याआधीच विचारून घेतलं होतं.

पुढच्या गुरुवारी अण्णांना मी रिक्षा पाठवून घरी आणलं. मुलीने मावशीकडून अण्णांची गाणी मागवून लॅपटॉपवर आधीच घालून ठेवली होती. हिने, म्हणजे बायकोने, सेवउसळीची तयारी केली. अण्णांनी हेडफोन चढवले आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. खोली विहिरीच्या तळाशी गेल्यासारखी शांत झाली असणार. मी मनातल्या मनात साडूला रुमालासकट हरवलं.

पाच मिनिटांनी अण्णा गुणगुणू लागले. पण हे गुणगुणणं नव्हतं. आवाज मोठा होता, चढत गेला, आणि कुठेतरी वाकडा लागून तसाच पुढे चालला. माझ्यासारख्या माणसालाही ते कळलं. ही डाव हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. तिने लहानपणापासून त्यांच्यापुढे बसून शिकलेलं; अण्णा बेसूर ही गोष्ट तिने जन्मात ऐकली नव्हती.

"अहो, अण्णांना काही होतंय का?" असं म्हणत तिने त्यांच्या एका कानावरून हेडफोन उचलला.

त्यामुळे शेवटचे दोन-तीन सूर अण्णांनी स्वतः ऐकले. ते थांबले.

"हा मी होतो?"

त्यांनी हेडफोन काढून गुडघ्यावर ठेवले. "वय झालं, गळा गेला तर एक वेळ ठीक आहे," ते म्हणाले. "पण मला कळलंसुद्धा नाही गं." सेवउसळीचे त्यांनी दोनच घास खाल्ले.

ते गेल्यावर मी हेडफोन घालून, मला येतं ते एकच भजन गुणगुणून बघितलं. ही म्हणाली, "नका, शेजारी येतील." एक कान मोकळा करून पुन्हा म्हटलं, तर ती म्हणाली, "आता निदान भजन आहे असं कळतंय." मग लक्षात आलं. दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज कवटीत नुसता घुमतो, सूर कुठे लागतोय ते ऐकूच येत नाही. जाळीतून आपलाच आवाज परत कानावर येतो, माणूस त्याला धरून चालतो. अण्णांच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं.

त्याच क्षणी फोन उचलून हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे साडूची जाळी बरोबर होती असं म्हणायचं. मी म्हटलं, गुरुवारी सांगू.

गुरुवारी अण्णा आपण होऊन माझ्याकडे आले. मांजलपूरला जायचं नाही म्हणाले. माझे ते जाड काळे हेडफोन घातले आणि ओठ मिटून तासभर बसले. त्यांना तेच सोयीचं वाटत होतं: स्वतःला ऐकायचं नाही, कुणाला ऐकू द्यायचं नाही. त्यानंतरच्या गुरुवारीही तसंच. माझे गुरुवार मला परत मिळाले होते. मी समोर बसून होतो, आणि मान कधी हलवायची ते मला कळेना.

साडूचा फोन आला. "अण्णांची तब्येत बरी आहे ना? आले नाहीत, फोनवर पण जरा ढिले वाटले. तुमच्याकडे खूश आहेत ना?" त्याच्या आवाजात कुठे टोमणा सापडतो का ते मी शोधलं. नव्हता. त्याचाही राग आला.

"एकदम खूश," मी म्हणालो. ही शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही सांगताय की मी सांगू?"

तिसऱ्या गुरुवारी मी अण्णांच्या एका कानावरून हेडफोन मागे सारला आणि म्हटलं, "आता गुणगुणा." ते नको म्हणाले. मी हट्ट धरला. त्यांनी अगदी हळू सूर लावला, मग जरा मोठा केला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे जरा लांबवलंच.

"हे तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणालो. स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटलं.

अण्णा बराच वेळ एका कानाने ऐकत, गुणगुणत बसले. निघताना म्हणाले, "पुढच्या गुरुवारी मांजलपूर. दोन्ही कानांनी ऐकायचं आहे. तुम्हीच सोडा मला, रिक्षावाले खड्डा बघत नाहीत."

तेव्हापासून गुरुवारी चार वाजता मी अण्णांना स्कूटरवर मागे बसवून मांजलपूरला सोडतो. साडू गॅलरीतून हात हलवतो, "वर या ना साडूभाऊ, तुमची खुर्ची मांडलीये!" मी गुडघा दाखवतो आणि तासभर खाली पार्किंगमध्ये पेपर वाचत बसतो. तिसऱ्या मजल्यावरून काही ऐकू येत नाही. वर गेलो तर अण्णांच्या शेजारी, जाळीजवळ, जागा मिळेल हे मला माहीत आहे. पण ती साडूने दिलेली असेल.